देहाच्या हालचालींचे शास्त्र

भल्या पहाटे रावेर-यावल भागातील केळीच्या बागांत माणसांची लगबग सुरू होते. एक जण विळ्याने घड कापतो, दुसरा तो खांद्यावर अलगद झेलतो व ओल्या मातीतून तोल सावरीत बांधापर्यंत नेतो. त्याच सुमारास धुळ्यास पांझरेच्या काठी एखाद्या तालमीत मुले जोर-बैठका काढीत असतात. अमळनेरच्या एखाद्या शाळेच्या पटांगणावर खो-खोचा डाव रंगात आलेला असतो. पळणारा मुलगा ऐन वेळी अंग चोरतो, झटकन दिशा बदलतो व पाठलाग करणाऱ्याला चकवितो.

या तिन्ही हालचाली निरनिराळ्या आहेत. एक पोटासाठी, दुसरी शक्तीसाठी व तिसरी खेळाच्या आनंदासाठी केलेली आहे. परंतु तिन्ही ठिकाणी राबणारे यंत्र मात्र एकच आहे, आणि ते म्हणजे मनुष्याचा देह. घड वाहणाऱ्याची कंबर का दुखते? बैठका काढताना धाप का लागते? उन्हाळ्याच्या दुपारी तेच खेळणे जिवावर का बेतू शकते? असे प्रश्न विचारून त्यांची उत्तरे निरीक्षणाने व मोजमापाने शोधणारे एक शास्त्र आहे. महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या वर्गांत 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' हा विषय शिकविला जातो. या शास्त्राची तोंडओळख त्यातून होते.

पुष्कळांना वाटते, व्यायाम हा करावयाचा असतो, त्यात शिकावयाचे ते काय? सुमारे शंभर वर्षांपूर्वी अमळनेरच्या एका शिक्षकांना मात्र तसे वाटले नाही. व्यायाम व योग यांवर त्यांची अपार श्रद्धा होती. तरीही त्यांनी त्यांची परीक्षा घेतली. ही परीक्षा कोणती, हे समजण्यासाठी प्रथम आपला देह हालतो कसा, ते पाहिले पाहिजे.

प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. हाडांना हाडे जेथे मिळतात, त्या जागांना सांधे म्हणतात. हाडे शरीराला आधार देतात. परंतु ती स्वतः हलू शकत नाहीत. त्यांना हलविण्याचे काम स्नायूंचे. शरीरात सहाशेहून अधिक स्नायू आहेत. स्नायूचा एक गुण ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तो आखडून ओढू शकतो. परंतु ढकलू मात्र शकत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी स्नायू जोडीने काम करतात. दंडाच्या पुढच्या बाजूचा स्नायू आखडला, की कोपर दुमडते. मागच्या बाजूचा आखडला, की ते सरळ होते. एक ओढीत असता दुसरा सैल पडतो. विहिरीवर दोर ओढणारे दोघे गडी आळीपाळीने जोर लावतात, तसाच हा प्रकार आहे.

स्नायूंची दोन्ही टोके चिवट दोरीसारख्या भागाने हाडांना जोडलेली असतात. त्याला कंडरा म्हणतात. कोपर, हात व दंडाचा स्नायू मिळून एक तरफ तयार होते. पहारीने दगड उचलताना जसा टेकू असतो, तसे येथे कोपर हे टेकूचे काम करते. तळहातावरची वस्तू हा भार, आणि स्नायूची ओढ हे बल. आता थोडे गणित करू. कोपरापासून तळहात ३२ सेंटिमीटरवर आहे व स्नायूची कंडरा कोपरापासून ४ सेंटिमीटरवर हाडाला जोडली आहे, असे समजा. भार बलाच्या मानाने टेकूपासून आठपट दूर आहे. म्हणून तळहातावर २ किलोग्रॅमचे वजन आडवे तोलून धरावयाचे, तर स्नायूला सुमारे १६ किलोग्रॅम वजनाइतकी ओढ द्यावी लागते. हाताचे स्वतःचे वजन यात धरलेलेच नाही.

हा तर तोट्याचा व्यवहार झाला, असे कोणास वाटेल. परंतु त्यात एक लाभही आहे. स्नायू एक सेंटिमीटर आखडला, तर तळहात सुमारे आठ सेंटिमीटर सरकतो. म्हणजे बल खर्ची घालून शरीराने वेग मिळविला आहे. चेंडू दूर फेकता येतो, विळा चपळाईने चालतो, खो देताना हात झटकन पुढे जातो, तो याच रचनेमुळे. निसर्गाची योजना हिशेबाने तपासली, म्हणजे तिचे मर्म असे उलगडू लागते.

असा हिशेब प्रथम करणाऱ्यांत इटलीतील बोरेल्ली या गणितज्ञाची गणना होते. प्राण्यांच्या हालचालींवर त्याने लिहिलेला ग्रंथ १६८० व १६८१ या वर्षांत प्रसिद्ध झाला. तरफेचे नियम त्याने माणसाच्या हाडांना व स्नायूंना लावून दाखविले. मल्लाच्या अंगचे बळ ही केवळ वर्णन करण्याची गोष्ट न राहता मोजण्याची गोष्ट झाली.

हेच गणित घड वाहणाऱ्याच्या उपयोगी कसे पडते, ते पाहा. जमिनीवरची २० किलोग्रॅमची वस्तू कंबरेतून वाकून, हात लांब करून उचलली, तर तिचे अंतर कंबरेच्या मणक्यापासून सुमारे ६० सेंटिमीटर होते. पाठीचे स्नायू मात्र मणक्याच्या सांध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवरून ओढ देतात. ६० म्हणजे ५ च्या बारापट. तेव्हा त्या वस्तूसाठी पाठीच्या स्नायूंना २४० किलोग्रॅम वजनाइतकी ओढ द्यावी लागेल. तीच वस्तू गुडघे वाकवून, छातीशी घेऊन, मणक्यापासून २० सेंटिमीटरवर धरून उचलली, तर ८० किलोग्रॅमइतकी ओढ पुरते. वस्तू तीच, माणूस तोच. परंतु पाठीवरचा ताण एक तृतीयांश झाला! वाकलेल्या धडाचा भार पाठीला सोसावा लागतो तो वेगळाच. कापसाचे ओझे असो, धान्याचे पोते असो की पाण्याचा हंडा असो, ओझे अंगाशी घ्यावे, गुडघ्यांत वाकावे व उचलताना अंगाला पीळ देऊ नये. हा नियम पाळणाऱ्याची कंबर पुष्कळ वर्षे साथ देते. डोक्यावर दोन हंडे घेऊन चालणाऱ्या बायका ताठ चालतात, यातही हेच तत्त्व आहे. ओझे सरळ कण्यावर आले, म्हणजे ते पुढे ओढत नाही. मात्र तेथेही भार फार झाला, की मानेच्या मणक्यांना इजा पोहोचते, हे विसरून चालणार नाही.

स्नायूंना काम करण्यासाठी इंधन लागते. अन्नातून मिळालेली साखर व स्निग्ध द्रव्ये हे ते इंधन होय. ते वापरण्यासाठी प्राणवायू लागतो. फुप्फुसे हवेतून प्राणवायू घेतात, रक्त तो वाहून नेते व हृदय रक्ताला गती देते. प्रौढ माणूस शांत बसलेला असता त्याचे हृदय मिनिटास सुमारे ७२ वेळा आकुंचन पावते व तेवढ्या वेळात साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलते. कष्टाचा व्यायाम चालू असता हेच प्रमाण चौपटीपर्यंत किंवा त्याहूनही वर जाऊ शकते. धाप लागणे म्हणजे काही दुखणे नव्हे. स्नायूंनी मागणी वाढविली व फुप्फुसे आणि हृदय ती पुरवू लागली, एवढाच तिचा अर्थ.

नियमित व्यायामाने हृदयाचा स्नायूही बळकट होतो. दर ठोक्याला ते अधिक रक्त पुढे लोटते; त्यामुळे विसाव्याच्या वेळी त्याला थोडे ठोके पुरतात. लांब पल्ल्याच्या सरावाच्या धावपटूंची नाडी बसलेली असता मिनिटास पन्नासच्या आसपास, कधी त्याहूनही कमी आढळते. इतरांच्या हृदयाला त्याच कामासाठी अधिक ठोके घालावे लागतात.

ही गोष्ट कोणत्याही शाळकरी मुलाला स्वतः पडताळून पाहता येते. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूस, दुसऱ्या हाताची दोन बोटे हलकेच ठेवावीत. नाडी हाताला लागली, की घड्याळाकडे पाहून अर्ध्या मिनिटातील ठोके मोजावेत व त्यांची दुप्पट करावी. प्रथम पाच मिनिटे स्वस्थ बसून नाडी मोजावी. नंतर एक मिनिटभर दोरीवरच्या उड्या मारून लगेच मोजावी. पुढे दर मिनिटाला मोजीत जावे व नाडी मूळपदावर येण्यास किती वेळ लागतो, ते वहीत टिपून ठेवावे. अकरा-बारा वर्षांच्या मुलांची विसाव्याची नाडी मोठ्यांपेक्षा थोडी जलद असते, त्याने घाबरून जाऊ नये. एकाच दिवसाच्या नोंदीवरून अनुमान काढू नये. तीन-चार आठवडे रोज खेळून पुन्हा तीच नोंद करावी आणि मग दोन्हींची तुलना करावी. ताप आला असता किंवा बरे वाटत नसता हा प्रयोग करू नये. प्रयोग लहान असला, तरी शास्त्राची रीत यात पूर्णपणे आहे. प्रश्न विचारावा, मोजावे, लिहून ठेवावे, पुन्हा मोजावे आणि मगच बोलावे.

खानदेशातील मुलांनी या शास्त्राचा आणखी एक भाग जाणून घेणे अगत्याचे आहे, तो म्हणजे उष्णतेचा. स्नायू जे इंधन वापरतात, त्यातील सुमारे एक चतुर्थांश शक्तीच प्रत्यक्ष कामी येते. उरलेल्या तीन चतुर्थांश शक्तीची उष्णता होते. म्हणूनच थंडीच्या दिवसांत चार जोर काढले, की अंगात ऊब येते. इंग्लंडातील आर्चिबाल्ड हिल या शास्त्रज्ञाने बेडकाच्या स्नायूंत उत्पन्न होणारी अगदी अल्प उष्णता सूक्ष्म उपकरणांनी मोजली. या कार्याबद्दल त्यास १९२२ चे नोबेल पारितोषिक जर्मनीतील ओटो मायरहोफ या शास्त्रज्ञाबरोबर विभागून मिळाले.

थंडीत हवीशी वाटणारी ही उष्णता वैशाखात मात्र वैरीण ठरते. जळगाव, भुसावळ, धुळे या भागांत मे महिन्यात पारा ४४ अंश सेल्सिअसच्याही वर चढतो. माणसाच्या कातडीचे तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून थंड असेल, तर अंगातील उष्णता हवेत निघून जाते. परंतु हवाच कातडीहून अधिक तापली, म्हणजे उलट बाहेरची उष्णता अंगात शिरू लागते. अशा वेळी शरीरापाशी एकच उपाय उरतो, आणि तो म्हणजे घाम. घाम वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम कातडीवर वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. एक लिटर पाणी ० अंशापासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास १०० किलोकॅलरी लागतात, हे ध्यानी घेतले, म्हणजे घामाची थोरवी कळते. माठातील पाणी गार राहते, तेही याच कारणाने.

परंतु घाम म्हणजे शरीरातलेच पाणी व मीठ. ते भरून काढले नाही, तर घाम आटतो, अंग तापते, डोके दुखते, चक्कर येते, मळमळते व पुढे माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. हा उष्माघात होय, आणि त्यात प्राणही जाऊ शकतो. अशा माणसाला ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा व विनाविलंब दवाखान्यात पोहोचवावे. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. खानदेशातील शेतकरी उन्हाळ्यात पहाटे शेतावर जातो व भर दुपारी निंबाच्या सावलीला बसतो. ही त्याची आळशी वृत्ती नसून पिढ्यान् पिढ्या आलेल्या अनुभवाचे शहाणपण आहे. शास्त्र त्या शहाणपणाचे कारण सांगते. मैदानावरच्या मुलांनीही तोच धडा घ्यावा. उन्हाळ्यात खेळ सकाळी किंवा ऊन उतरल्यावर खेळावेत, आणि तहान लागण्याची वाट न पाहता अधूनमधून पाणी प्यावे.

जुने शहाणपण आणि नवे शास्त्र यांची अशी भेट घडवून आणण्याचा थोर प्रयत्न ज्यांनी केला, ते अमळनेरचे शिक्षक म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. पुढे बडोद्यास जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्यापाशी त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे धडे घेतले. १९१६ मध्ये ते बोरी नदीच्या काठच्या अमळनेरला खानदेश शिक्षण मंडळाच्या शाळेत शिक्षक म्हणून आले. अमळनेर त्या वेळी पूर्व खानदेश जिल्ह्यात होते. तोच आजचा जळगाव जिल्हा.

१९१९ मध्ये नर्मदेच्या काठी मालसर येथे परमहंस माधवदास महाराज यांची व त्यांची भेट झाली. महाराजांपाशी ते योग शिकले. योगातील आसने व क्रिया यांचे अनेक परिणाम ग्रंथांत सांगितलेले होते. त्यांविषयी त्या काळी दोन मते ऐकू येत. काही जण म्हणत, हे प्राचीन आहे, म्हणून सारे खरे. दुसरे म्हणत, हे प्राचीन आहे, म्हणून सारे खोटे. दोघांनाही तपासून पाहण्याची गरज वाटत नसे. गुणे यांनी तिसरा मार्ग धरला. शरीरात नेमके काय घडते, ते उपकरणांनी पाहावे व मोजावे, असे त्यांनी ठरविले.

हा मार्ग सोपा नव्हता. ज्या विद्येवर आपली श्रद्धा आहे व जी आपणास गुरूंनी दिली आहे, ती कसोटीला लावावयाची, तर कसोटीचा कौल विरुद्ध जाण्याचीही तयारी ठेवावी लागते. आवडत्या गोष्टीची परीक्षा घेण्यास शत्रूशी झुंजण्यापेक्षाही अधिक धैर्य लागते.

योगात नौली नावाची एक क्रिया आहे. तीत श्वास पुरता बाहेर सोडून पोट आत ओढतात व पोटाच्या मधले उभे स्नायू पुढे आणून फिरवितात. या क्रियेच्या साह्याने मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेऊन ते स्वच्छ करण्याची रीत योगग्रंथांत सांगितली आहे. येथे एक कोडे आहे. बाहेरून कोणी पाणी ढकलीत नाही, मग ते उलट्या दिशेने वर चढते कसे? पिचकारीचा दट्ट्या मागे ओढला, की आतील दाब कमी होतो व बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी पिचकारीत शिरते. नौली करताना पोटातही असेच घडत असेल काय?

१९२० च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात गुणे यांनी क्ष-किरणांच्या साह्याने अशा क्रियांची पाहणी केली. क्ष-किरणांत हाडे स्पष्ट दिसतात; पोटातील मऊ अवयव मात्र दिसत नाहीत. म्हणून अशा तपासणीत डॉक्टर बेरियमचा न विरघळणारा क्षार वापरतात. त्याची सावली पडदा किंवा काच यांवर उमटते व अवयवांची हालचाल कळते. पुढे पाऱ्याची दाबमापक नळी जोडून आतड्यातील दाबही मोजण्यात आला. नौली करताना तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे दिसून आले. कोडे सुटले. पाणी चढते ते कोणत्याही चमत्काराने नव्हे. दाबाच्या फरकाने चढते. पिचकारीला जो नियम लागू, तोच देहालाही लागू. या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले.

येथे अनुमान खरे ठरले. परंतु दरवेळी तसे झाले नाही. प्राणायामाने शरीर फार मोठ्या प्रमाणात प्राणवायू शोषून घेते व त्यामुळेच तो लाभदायक आहे, असा समज पुष्कळांचा होता व आजही आहे. मोजमाप केले, तेव्हा त्याला आधार मिळाला नाही. याचे कारणही समजण्यासारखे आहे. निरोगी माणसाच्या रक्तात साध्या श्वासानेच जवळजवळ पुरेपूर प्राणवायू भरलेला असतो. काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी पाणी कोठून मावणार? आणि शांत बसलेल्या शरीराला अधिक प्राणवायूची गरजही नसते. प्राणायामाचे खरे मोल प्राणवायूच्या मापात नसून इतरत्र शोधले पाहिजे, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. श्रद्धा असलेल्या विद्येविषयीचा एक लोकप्रिय समज त्यांनी स्वतःच बाजूस सारला. त्यामुळे विद्येची हानी झाली नाही. तिच्यावरचा विश्वास अधिक पक्क्या पायावर उभा राहिला.

अमळनेरला असहकाराच्या काळात निघालेल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. १९२३ मध्ये ते महाविद्यालय बंद पडले. त्यानंतर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास 'कैवल्यधाम' ही संस्था स्थापिली आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. प्रयोगांची माहिती त्यात आकड्यांनिशी छापली जाई, म्हणजे इतरांनाही ते प्रयोग पुन्हा करून पाहता यावेत. सर्वांगासनासारख्या आसनांत रक्तदाब किती चढतो, याचीही तेथे मोजणी झाली. आता लोक त्यांना स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखू लागले होते. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. कैवल्यधामाचे संशोधन व शिक्षणाचे कार्य आजही चालू आहे.

एक सावधगिरीची सूचना येथे केली पाहिजे. नौलीसारख्या क्रिया पुस्तकात वाचून करावयाच्या नसतात. जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीवाचून मुलांनी त्यांच्या वाटेस जाऊ नये. प्रयोग करणाऱ्याने आधी देहाला अपाय होणार नाही याची खात्री करून घेतली पाहिजे, हाही या शास्त्राचा पहिला नियम आहे.

वरच्या वर्गांत जाणाऱ्या विद्यार्थ्याला या विषयाची तीन अंगे दिसतील. शरीराची रचना कशी आहे, हे पहिले. ते काम कसे करते, हे दुसरे. आणि ते हालते कोणत्या नियमांनी, हे तिसरे. त्यांच्या जोडीला आहार, विश्रांती, प्रथमोपचार व खेळातील दुखापतींपासून बचाव हे भागही येतात. हा अभ्यास वहीत जितका होतो, तितकाच मैदानावरही होतो. लांब उडी मारणाऱ्याने कोणत्या पायावर झेप घेतली, धावणाऱ्याची पावले किती लांब पडली, मल्लखांबावरच्या मुलाने तोल कोठे सांभाळला, हे पाहून टिपून घेणे हाही धडाच असतो. खेळात विशेष प्रावीण्य नसलेला विद्यार्थीही येथे उत्तम निरीक्षक होऊ शकतो. आणि ज्याला खेळ येतो, त्याला तो का येतो हे समजते.

या विषयाची गोडी लागलेल्यांना पुढे अनेक वाटा मोकळ्या आहेत. कोणी शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होतील, कोणी खेळाडूंचे मार्गदर्शक होतील. कोणी डॉक्टर होतील, तर कोणी दुखावलेल्या अवयवांना व्यायामाने पुन्हा चालते करणारे फिजिओथेरपिस्ट होतील. त्यासाठी फार दूर जावयास हवे, असेही नाही. जळगावला १९९० मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आता त्याला दिलेले आहे. धुळे व जळगाव या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत.

परंतु या ज्ञानाचा उपयोग केवळ अशा व्यवसायांपुरता नाही. ज्याला तरफेचा नियम कळला, तो आपल्या वडिलांना पोते उचलण्याची बरी रीत दाखवू शकेल. ज्याला घामाचे मोल कळले, तो उन्हात काम करणाऱ्या आईला वेळेवर पाण्याचा तांब्या नेऊन देईल. आणि ज्याला मोजून पाहण्याची सवय लागली, त्याला अमुक औषधाने आठ दिवसांत बळ येते, तमुक व्यायामाने महिन्यात उंची वाढते, अशा जाहिरातींनी कोणी फसवू शकणार नाही. तो विचारील, "हे कोणी मोजले? कसे मोजले? पुन्हा मोजून पाहिले काय?"

तालमीतील घाम आणि वहीतील नोंद यांत वैर नाही. घामावाचून नोंद कोरडी राहते. नोंदीवाचून घाम वाट चुकतो. दोन्ही एकत्र आली, म्हणजे देह सुदृढ होतो आणि त्या देहाचा धनी जाणता होतो.